आनंदीबाईंच्या पेशी

१

तो ठिपका तिथे असायलाच नको होता.

रशीदा मुजावरने डोळा मायक्रोस्कोपवरून काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. ठिपका होताच. पेशींना तो पिवळा रंग चढवला आणि वरून निळा प्रकाश सोडला, की पुरुषाच्या पेशीतलं एक गुणसूत्र काजव्यासारखं चमकतं. बाईच्या पेशीत ते गुणसूत्रच नसतं, तर चमकणार कुठून? आणि काचेवरच्या या पेशी बाईच्या होत्या. आनंदी पानसे, चित्रकलेच्या शिक्षिका, वय अडतीस, मांडीच्या हाडाचा कॅन्सर, शहाऐंशीच्या श्रावणात गेल्या.

बाई गेल्या, पण त्यांच्या गाठीतल्या पेशी संस्थेत मागे राहिल्या. बाटलीत वाढवायच्या, जास्त झाल्या की इवल्या कुप्यांमध्ये भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवायच्या, लागतील तेव्हा पुन्हा जाग्या करायच्या. धडधाकट पेशीला ‘आता पुरे, थांब’ म्हणून बजावणारं एक प्रथिन असतं. आनंदीबाईंच्या पेशीत ते गप्प का बसलं, यावर विभागप्रमुख डॉ. श्यामसुंदर मोडकांनी आठ वर्षं घालवली होती. नाव झालं होतं. जर्मनीच्या एका प्रयोगशाळेने त्याच पेशी मागवून घेतल्या होत्या, आणि आता तिथूनच पत्र आलं होतं. चार ओळींचं, फार सभ्य. तुम्ही पाठवलेल्या पेशी पुरुषाच्या आहेत, असं आमच्या लक्षात आलं आहे.

रशीदाने पंचवीस पेशी मोजल्या. पंचवीसच्या पंचवीस चमकल्या.

“म्हणजे जर्मन लोकांची चूक नाही,” मोडक म्हणाले. मऊ बोलायची त्यांची रीत होती. शिपायालासुद्धा ‘तुम्ही’ म्हणायचे. “रशीदाबाई, या प्रकरणात तुमचा हात कुठेच नाही. म्हणून तुम्हीच शोधा. कुठे, केव्हा, कुणाच्या हातून झालं. शुक्रवारी मला अहवाल द्या. जर्मनीला उत्तर जायला हवं.”

“आणि पानसेंना, सर? पुढच्या सोमवारी बाईंची तिथी आहे. ते येतील.”

मोडकांनी खिडकीकडे पाहिलं. दर श्रावणात त्या तिथीला आनंदीबाईंचे यजमान, श्रीधरपंत पानसे, रुमालात सोनचाफ्याची दोन फुलं घेऊन संस्थेत येत. फुलं मायक्रोस्कोपशेजारी ठेवत आणि दहा मिनिटं बायकोच्या जिवंत पेशी बघत बसत. नियमात हे कुठे बसत नव्हतं. पण नियम दाखवायची कुणाची छाती झाली नव्हती.

“त्यांचं पुढे पाहू,” मोडक म्हणाले. “तुम्ही टाकीच्या किल्लीपासून सुरुवात करा.”

किल्ली तेरा वर्षं एकाच माणसाच्या कमरेला होती. महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. दादामियाँ तांबोळी.

२

दादामियाँ सिंकपाशी काचेच्या बाटल्या धूत होते. सात पाण्यांनी धुवायच्या, आठवं पाणी स्वतः चाखून बघायचं. साबणाची चव लागली तर पुन्हा पहिल्यापासून. मोडक नव्या मुलांना सांगत, पेशी वाढवणं हे शास्त्र नाही, दादामियाँ आहे.

“चाचा, आनंदीबाईंच्या बाटलीत दुसऱ्याच कुणाच्या तरी पेशी आहेत.”

बाटली त्यांच्या हातून निसटली नाही. त्यांनी ती पालथी घातली, हात पुसले.

“माझ्याकडून झालं असेल, बेटी. लिहून टाक.”

“असं कसं लिहू? कधी झालं?”

“म्हातारा माणूस. एका नळीतलं दुसऱ्या नळीत गेलं असेल. एकतीस तारखेला मी जातोच आहे. तुझी पोरगी कशी आहे? दात येताहेत ना? हिरड्यांना मध चोळ.”

रशीदाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तिची पोर दहाच महिन्यांची होती, पण शेजारची मुलं बघून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. मूल खरंच पडलं की आधी रडतं. न पडता ‘मी पडले’ म्हणून सांगतं तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असतं.

“कुणाच्या पेशी मिसळल्या, चाचा? या खोलीत पुरुषाच्या कोणत्या होत्या?”

आता मात्र त्यांनी नळ सोडला. नको इतका मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात म्हणाले, “आठवत नाही.”

आठ वर्षांपूर्वीच्या कुपीवरचा नंबर झोपेत सांगणारा माणूस.

“बरं, टाकीची किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडे कधी होती?”

“एकदाच. नव्वदच्या मेमध्ये, आमच्या मेहरुनच्या लग्नाला दहा दिवस रजा घेतली तेव्हा. ऑफिसात ठेवून गेलो होतो.”

“ऑफिसात म्हणजे कुणाकडे?”

“खिळ्याला,” दादामियाँ म्हणाले आणि पुढची बाटली उचलली. धुतलेलीच बाटली.

३

“म्हणजे माझी चार वर्षं गटारात,” हेमा म्हणाली.

हेमा साबळे, मोडकांची विद्यार्थिनी. प्रबंध टाइप होऊन बांधायला जायच्या बेतात होता. कॅन्टीनमध्ये तिच्यापुढचा चहा साय धरून बसला होता.

“तुझ्यावरही संशय आहे, म्हणून विचारते,” रशीदा म्हणाली.

“विचारा की, ताई. ज्याचं घर जळतं त्यालाच आधी विचारतात, काडी कुणी लावली.”

“नव्वदच्या मेमध्ये तू इथे होतीस?”

“जानेवारीत आले. मेमध्ये सगळं थंड होतं. सरांनी बाटल्या बंद करायला लावल्या होत्या, सगळा माल टाकीत. मी लायब्ररीत संदर्भ उतरवत बसायचे. दादामियाँ लग्नाला गेलेले.”

“किल्ली?”

“खिळ्याला असायची. मी नाही हात लावला. मला तेव्हा टाकीची भीतीच वाटायची. झाकण उघडलं की धूर येतो ना.”

“मग पुन्हा काम सुरू झालं तेव्हा काही वेगळं दिसलं?”

“पेशी भराभर वाढायला लागल्या. आधी बाटली भरायला आठवडा लागायचा, मग चार दिवसांत. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. मी आईला फोन करून सांगितलं होतं, मला गुण आहे म्हणून.” ती कडवट हसली. “आणि मी म्हटलं, रशीदाताईंकडून एकदा गुणसूत्रं मोजून घेऊया. तर म्हणाले, फिल्म महाग आहे, दरवर्षी तेच ते फोटो कशाला.”

हे रशीदालाही आठवलं. नव्वदच्या जानेवारीत शेवटची काच आली. तिने फोटो काढला, कात्रीने एकेक गुणसूत्र कापलं, जोड्या लावून कार्डावर चिकटवलं. त्यानंतर आनंदीबाई तिच्या टेबलावर पुन्हा आल्याच नाहीत. काटकसर म्हणून तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

बाहेर टेम्पो थांबला. टेम्पोवाला गेनबा भोसरीच्या कारखान्यातून नायट्रोजन घेऊन आला होता. टाकी जुनी होती, तळातून तिचा जोर गेला होता. तीन-चार दिवसांत भरली नाही तर कोरडी. आणि कोरडी झाली की आतलं सगळं वितळून मेलं.

“बाई, आज दोन भांडी जादा उतरवतोय,” गेनबा म्हणाला. “उद्या काय आपलं येणं नाय.”

हेमाने पर्स उचलली. “मीपण उद्या घरीच, ताई. बाबांना सुट्टी आहे. आणि इथे येऊन आता करायचंय काय.”

ती गेल्यावर रशीदा नायट्रोजनची वही घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेली. वहीत तीनच रकाने होते. तारीख, टाकीत किती इंच, आणि भरल्याची बरोबरची खूण. सगळे नुसते आकडे, वहीला सुतळीने बांधलेल्या एकाच निळ्या पेनने लिहिलेले. अक्षर ओळखायला अक्षरच नव्हतं. नव्वदच्या मेमध्ये दादामियाँ रजेवर असतानाही रकाने भरलेले होते. चौदा मे, अकरा इंच, खूण. सतरा मे, अकरा इंच, खूण. एकवीस मे, खूण.

टाकी कधी कोरडी पडलीच नव्हती. मग आनंदीबाई गेल्या कुठे?

४

उत्तराचा अर्धा भाग तिच्याच कपाटात होता.

या पेशींची गुणसूत्रं कापून कार्डावर लावताना अकराव्या जोडीशी तिची कात्री थांबली. त्या गुणसूत्राच्या शेपटीला एक वाकडा तुकडा लटकला होता, अगदी कोयरीसारखा. कॅन्सरच्या पेशीत गुणसूत्रं तुटतात, भलत्याला चिकटतात. पण प्रत्येक गाठीची मोडतोड तिची स्वतःची असते. ही कोयरी तिने आधी पाहिली होती. स्वतःच कापली होती.

जुन्या कार्डांचे गठ्ठे तिने जमिनीवर पसरले. दुपारभर चाळले. सदतीस कार्डं हाडाच्या कॅन्सरची. शेवटून तिसऱ्यावर कोयरी होती, तीच, तिथेच.

ऑक्टोबर पंच्याऐंशी. पुरुष, वय एकोणीस, गुडघ्याची गाठ. निष्कर्षाच्या जागी मोडकांची इंग्रजीतली ओळ होती, विशेष उपयोग नाही, दोन कुप्या लहान टाकीत ठेवाव्यात. आणि वर नाव.

मकसूद दादामियाँ तांबोळी.

रशीदा फरशीवर बसून राहिली. पंच्याऐंशीमध्ये ती संस्थेत नवी होती. चाचांचा मुलगा आजारी आहे एवढंच तिला ठाऊक होतं. ती गाठ इस्पितळातून याच संस्थेत आली, त्याच सिंकवर धुतलेल्या बाटलीत पडली, आणि तिच्यातल्या पेशी त्याच हातांनी वाढवल्या, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्याने मुलगा खाल्ला, त्याला बापाने सात पाण्यांच्या बाटलीत ठेवून दूध-साखर घातली होती.

मग तिच्या मनात आलं ते तिला आवडलं नाही. सगळी बोटं आता चाचांकडेच वळत होती. किल्ली त्यांची, हात त्यांचा, मुलगा त्यांचा.

५

गुरुवारी पोरीला ताप भरला आणि रशीदाने रजा टाकली.

खडकीच्या क्वार्टरमध्ये दहाच्या ठोक्याला पंखा बंद पडला. पोर नुकती कुठे डोळा मिटत होती, ती किंचाळत उठली. रशीदाने तिला मांडीवर घेतलं, हाताला लागले ते कागद उचलले आणि वारा घालायला लागली. वहीच्या झेरॉक्सच होत्या त्या.

“वीज पाचपर्यंत यायची नाही,” सासूबाई आतून म्हणाल्या. “गुरुवार आहे. हेच नव्या सुनेला दर आठवड्याला सांगावं लागतं.”

“मी सहा वर्षं जुनी आहे, अम्मी.”

“मग ध्यानात ठेव. आणि बर्फही मिळायचा नाही, कारखाना बंद. ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेव.”

रशीदाचा हात चालत होता. पोर हुंदके देत देत शांत झाली, तिची मूठ आईच्या बोटाला घट्ट. कागद वर-खाली, वर-खाली. सतरा मे, अकरा इंच. वर. सतरा मे. खाली.

सतरा मे.

मेहरुनच्या लग्नाला ती गेली होती. जुम्म्याच्या नमाजनंतर निकाह होता. उन्हाने मांडव तापला होता आणि चाचा प्रत्येकाला स्वतः सरबत देत होते. जुम्मा म्हणजे शुक्रवार. तारीख अठरा. पत्रिका अजून कपाटात होती. मग सतरा मे म्हणजे मेंदीचा दिवस, म्हणजे...

वारा थांबला तशी पोर कुरकुरली. रशीदाने तिला खांद्यावर टाकलं आणि एका हाताने सगळी पानं जमिनीवर मांडली. जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा अम्मींनी दूधवाल्याच्या हिशेबासाठी जपलेला, तो एकदाचा कामी आला. पाच वर्षांतली प्रत्येक खूण तिने वाराशी ताडून पाहिली. सोमवार होते, शनिवार होते, एक दिवाळीचा पाडवासुद्धा होता. गुरुवार एकच होता.

“अम्मी,” ती म्हणाली, “उद्या पोरीला जरा सांभाळा. ताप उतरला नसला तरी.”

६

शुक्रवारी मोडकांच्या खोलीत चौघं होती. दादामियाँ दाराशी उभेच राहिले. मोडकांनी दोनदा खुर्ची दाखवली तरी.

“पेशी मकसूदच्या आहेत,” रशीदा म्हणाली. “कार्ड इथे आहे.”

हेमाने मान झटकन वळवली. दादामियाँनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे तसंच,” मोडक हळहळले. “पुत्रप्रेम. मी त्यांना दोष देत नाही. अहवालात सौम्य शब्द वापरू.”

“एक प्रश्न राहतो, सर. आनंदीबाईंच्या कुप्या चांगल्या असत्या तर चाचांना बदलायची गरज काय होती? मुलाच्या पेशी हव्या असत्या तर लहान टाकीत होत्याच की. त्या अरुंद तोंडाच्या टाकीला महिनाभर काही होत नाही. मोठीचं तसं नाही. माझं म्हणणं, मोठी टाकी नव्वदच्या मेमध्ये कोरडी पडली.”

“वही तसं म्हणत नाही.”

“वही म्हणते, सतरा मेला टाकी भरली. सतरा मे गुरुवार होता.”

मोडक तिच्याकडे पाहत राहिले. पुढच्या वाक्याची वाट बघत असल्यासारखे. पुढचं वाक्य हेमाच्या तोंडून आलं.

“गुरुवारी? गुरुवारी नायट्रोजन देणार कोण? आठवड्याची सुट्टी, वीज नाही, अख्खी भोसरी बंद असते. बाबांचा कारखानाच बंद असतो.”

“बघा,” रशीदा म्हणाली, “तिला विचारावंसुद्धा लागलं नाही. कामगाराच्या घरात वाढलेली मुलगी ही खूण कधी करणार नाही. चाचा तर नाहीच नाही, त्यांनी तेरा वर्षं गेनबाला फोन केलेत. बरं, मागाहून खोटं लिहायचं झालं तरी स्वतःच्या मुलीच्या मेंदीचा वार बाप चुकवेल? ही खूण ज्याने केली त्याच्या आठवड्यात रविवारच तेवढा बंद असतो. नायट्रोजन कुठून येतो, कोण आणतो, हे त्याने जन्मात पाहिलेलं नाही. दर तीन-चार दिवसांनी भरायची असते एवढं ऐकून ठाऊक होतं, तेवढं त्याने एका बैठकीत भरून टाकलं. सर, खिळ्यावरची किल्ली तुम्ही घेतली होती. त्यानंतर माझ्याकडे काचा पाठवणंही तुम्हीच बंद केलंत.”

पंख्याखाली कागद फडफडत होते. मोडकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याविना त्यांचा चेहरा एकदम साधा, कुणाच्याही काकांसारखा दिसला.

“दिल्लीत मुलाखत होती,” ते म्हणाले. “संचालकपदाची. दादामियाँना मीच म्हटलं होतं, खुशाल जा, टाकी मी बघतो. आणि विसरलो. परत आलो तेव्हा झाकण उघडल्यावर धूर आला नाही. पद मिळालं नाही ते नाहीच.”

“मग चाचांना काय सांगितलंत?”

“ते मी सांगतो,” दादामियाँ दारातून म्हणाले. आवाज खाली होता. “साहेब म्हणाले, श्रावणात पंत येतील, त्यांना काय दाखवणार? एका दिवसापुरतं हाडाचंच काही असेल तर जागं करा. माझ्याकडे दोनच कुप्या होत्या. मी केलं, पंतांसाठी. ते गेल्यावर बाटली फेकून द्यायची, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी हेमाच्या हातात दिली.”

“आणि तुम्ही गप्प राहिलात,” हेमा म्हणाली.

“राहिलो. त्या कार्डावर लिहिलं होतं ना, विशेष उपयोग नाही. मग एकदम सगळे माझ्या पोराला बघायला लागले. तू वाकून वाकून बघायचीस. परदेशात गेला. मला वाटलं, शिकला असता तर असाच कुठेतरी गेला असता.” ते हेमाकडे वळले. “तुझी चार वर्षं मी खाल्ली, बेटी. ती तेवढी माफ करू नकोस.”

मग मोडकांनी चष्मा घातला आणि पेपरवेटखालून एक कागद सरकवला.

“काल सही झाली आहे. तंत्रज्ञाच्या नजरचुकीने पेशींची सरमिसळ झाली, असा कबुलीजबाब. रशीदाबाई, तुम्ही वेगळा अहवाल लिहू शकता. पण मग पूर्ण लिहावा लागेल. मी विसरलो. यांनी फसवलं. विसरण्याला समज मिळते. फसवण्याला काय मिळतं ते तुम्ही जाणता.”

रशीदा उठून दादामियाँपाशी गेली. “सही का केलीत, चाचा?”

“साहेबांनी शब्द दिलाय. पेशी राहतील. खरं नाव लावून. मकसूदच्या नावाने.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओला, साबणाचा वास असलेला हात. “माझं नाव एकतीसपर्यंतच आहे. त्याचं राहू दे.”

रशीदाने कबुलीजबाबावर साक्षीदार म्हणून सही करायला नकार दिला. तेवढंच तिला करता आलं. स्वतःचा अहवाल तिने लिहिला नाही. घरी जाऊन पोरीच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसली आणि नवऱ्याने, नासिरने, दोनदा विचारलं तरी काय झालं ते सांगू शकली नाही.

७

सोमवारी सकाळी पेशींच्या खोलीत जळलेल्या रश्शासारखा वास येत होता.

इन्क्युबेटरचं दार सताड उघडं होतं, प्लग काढलेला. लहान टाकी पालथी. कोपऱ्यात वाफेच्या शेगडीतून काढलेली लाल पिशवी, आत वितळून एकमेकांना चिकटलेल्या बाटल्या आणि कुप्या. दादामियाँ सिंकला टेकून उभे होते.

“शनिवारी सरांनी सांगितलं,” हेमा दारातून म्हणाली. ती आत आली नाही. “सदोष माल आहे, नष्ट करा. ताई, मला पहिल्यापासून सुरू करायचंय. त्यांची सही लागते.”

“तू केलंस?”

“बटण मी दाबलं.” ती गेली.

आणि अकरा वाजता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, श्रीधरपंत पानसे आले. पांढरा शर्ट, बगलेत छत्री, हातात रुमाल. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं शिपायाने त्यांना सांगितलं.

“साहेबांना भेटायला मी कधीच येत नाही,” पंत म्हणाले. “दादामियाँ, आज दुर्बीण मांडली नाहीत?”

रशीदाने त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. टाकी, किल्ली, गुरुवार, मकसूद, शनिवार. काही वगळलं नाही. रुमाल त्यांच्या गुडघ्यावर होता, चाफ्याचा वास सुटला होता.

“म्हणजे चार वर्षं,” पंत शेवटी म्हणाले, “मी कुणाला बघत होतो?”

“माझ्या मुलाला,” दादामियाँ म्हणाले.

“आणि त्याच्यासमोर मी काय काय बोलत बसायचो. सुनेच्या तक्रारी. माझा गुडघा.”

“मी ऐकत नव्हतो, पंत.”

“खोटं बोलू नका. गेल्या वर्षी गुडघ्याला तेल आणून दिलंत.”

दादामियाँनी मान खाली घातली. पंतांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यात माफी नव्हती. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेला माणूस दारावरची पाटी पुन्हा वाचतो, तसं पाहणं होतं ते.

“मला तेव्हाच सांगायला हवं होतंत,” पंत म्हणाले. “एकदा मेलेलं माणूस दुसऱ्यांदा मेलं, तर सोसलं असतं मला. तुम्ही लोक मला फारच नाजूक समजलात.”

रशीदा आत जाऊन दोन कार्डं घेऊन आली. संस्थेची मालमत्ता, बाहेर नेण्यास सक्त मनाई, असा शिक्का मागे होता. नव्वद जानेवारीचं तिने पंतांना दिलं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे इवले तुकडे, कात्रीने कापून जोडीजोडीने चिकटवलेले.

“या त्या,” ती म्हणाली. “खऱ्या. शेवटच्या.”

दुसरं तिने दादामियाँच्या हातात ठेवलं. त्यांनी बोटाने अकराव्या जोडीवरची कोयरी चाचपली. बाळाच्या अंगावरची जन्मखूण चाचपतात तशी.

“ती सही,” ते म्हणाले, “त्यांनी शब्द दिला म्हणून केली होती.”

“माहीत आहे, चाचा.”

“बेटी, आता लिही. सगळं लिही. त्यात माझंही लिही. मी फसवलं असं लिही, हेमाचं वाटोळं झालं ते लिही.”

“त्यांनी सांगितलं ते खरं आहे. तुमचं पेन्शनसकट सगळं जाईल. माझीही नोकरी कदाचित.”

“मला आता वाचवायचं काही ठेवलंच नाही त्यांनी. तुझं तू बघ. पोर लहान आहे.”

घरी ताप उतरला होता. सकाळी निघताना पोर पहिल्यांदा दाराला धरून उभी राहिली होती आणि हात सोडायला तयार नव्हती. मग रशीदाने पर्समधून झेरॉक्सची पानं काढली, त्यांची कोरी बाजू वर केली आणि मांडीवर घेतली. पेनाला शाई नव्हती. दोनदा झटकलं तरी नव्हती.

श्रीधरपंतांनी चाफ्याची दोन्ही फुलं बाकावर ठेवली. एक आपल्या बाजूला, एक दादामियाँच्या. मग शर्टाच्या खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

“खाली माझीही सही घ्या. बायको माझी होती,” ते म्हणाले. “आणि वर तारीख घाला. पुढे वार लिहायला विसरू नका.”